एकटी कोंबडी पाळायची, तर तिचा कळप तूच

कोंबडी हा एकट्याने राहणारा पक्षी नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोणी आधी खायचं, दांडीवर कोणी कुठे बसायचं, आकाशात घार दिसली की कोणी ओरडायचं, हे कळपात ठरलेलं असतं. एकटीच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. म्हणून नव्याने पाळणार असाल तर दोन घ्या, हाच पहिला सल्ला. पण बाकीच्या मरून एकच उरली, कुणी सोडून दिलेली सापडली, शाळेच्या प्रकल्पातलं पिल्लू घरी आलं, अशा वेळी हा सल्ला काय कामाचा? कोंबडी एकच असते आणि तिची जबाबदारी बारा-पंधरा वर्षांच्या कुणावर तरी पडते. पुढचं सगळं त्या बारा-पंधरा वर्षांच्या मालकासाठी.

आधी एक हिशेब कर. नीट सांभाळली तर कोंबडी सहा ते आठ वर्षं सहज जगते, काही त्याहूनही जास्त. अंडी मात्र दोन-तीन वर्षांनंतर कमी होत जातात. म्हणजे तू आज सातवीत असशील, तर तू कॉलेजात जाशील तेव्हाही ती असेल, आणि बहुधा अंडी देत नसेल. हे घरच्यांशी आत्ताच बोलून घे. तुमच्या भागात कोंबडी पाळायला परवानगी आहे का, आणि पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास कुठे आहे, हेही आधीच विचारून ठेव. मानमोडी आणि देवी या रोगांच्या लशी तुमच्याकडे कधी देतात, हे त्यालाच विचार.

आता सोबतीचं. जाता-येता डोक्यावरून हात फिरवला म्हणजे सोबत झाली नाही. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी एक-दोन तास तिच्या आसपास असायला हवं. तिच्याशी खेळायलाच पाहिजे असं नाही. अंगणात चटई टाकून गृहपाठ कर, ती शेजारी माती उकरत बसेल. अशी सोबत तिला पुरते. दिवसा तू नसताना तिच्याजवळ उद्योग हवेत: उंचावर टांगलेला कोबीचा गड्डा, वाळक्या पानांच्या ढिगात विखुरलेले थोडेसे दाणे. आरसा काहींना आवडतो. काहींना त्यात शत्रू दिसतो आणि त्या चोच मारत सुटतात, तसं झालं तर लगेच काढून टाक. दिवसभर ओरडणं, जाळीपाशी येरझाऱ्या, स्वतःची पिसं उपटणं, खाणं कमी होणं, ही एकटेपणाची लक्षणं. पण यातली काही आजाराचीही असतात, त्यामुळे आधी तपासून घे.

लक्षणं टिकून राहिली तर दुसरी आणावी लागेल, आणि इथेच बहुतेकांची घाई होते. नवी कोंबडी तीन-चार आठवडे पूर्ण वेगळी ठेवायची. भांडी वेगळी. आधी आपल्या कोंबडीचं काम उरकायचं, मग नवीचं. ती आणताना धडधाकट दिसली तरी रोग अंगात असू शकतो. मग आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना बघू द्यायचं. त्यानंतर एकत्र सोडायचं, तेही अन्न-पाण्याची दोन-दोन भांडी ठेवून. चार दिवस टोचाटोची होणारच. रक्त आलं तर मात्र ताबडतोब वेगळं कर, कारण लाल दिसलं की कोंबड्या तिथेच टोचत राहतात. वयाने आणि आकाराने बरोबरीची आण, पिल्लू आणू नकोस.

खुराडं एकटीसाठी मोठं लागत नाही, आणि थंड हवेत तर मोठं नसलेलंच चांगलं. कळपातल्या कोंबड्या एकमेकींना चिकटून ऊब धरतात. एकटीला तिच्याच अंगाच्या उबेवर आतली हवा गरम ठेवावी लागते. तळ साधारण ६० × ६० सेंटिमीटर पुरे. दिवसभर कोंडूनच ठेवायची असेल तर बाहेर निदान दोन चौरस मीटरची जाळीची मोकळी जागा हवी. झरोके वरच्या बाजूला, दांडीवर बसल्यावर तिच्या डोक्याच्याही वर ठेव, म्हणजे दमट हवा बाहेर जाते आणि झोत अंगावर येत नाही. उबेसाठी दिवा लावू नकोस, खाली अंथरलेलं पेटतं.

जाळीवर पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. १२ मिलिमीटर भोकांची वेल्ड केलेली जाळी घे. ती तळाशी बाहेरच्या बाजूला ३० सेंटिमीटर जमिनीवर आडवी पसरून मातीने झाक, म्हणजे उकरून आत येता येत नाही. दाराला नुसता खटका नको, दोन हालचालींनी उघडणारी कडी हवी.

बसायची दांडी साधारण ५ सेंटिमीटर रुंद, कडा घासून गोल केलेली, जमिनीपासून ४५ सेंटिमीटरवर. त्याहून फार उंच केली तर जड कोंबडी रोज धाडकन खाली उतरते, तळव्याला इजा होते आणि आत पू धरतो. अंडी घालायचं खोकं ३० सेंटिमीटर लांब-रुंद-उंच, आणि दांडीपेक्षा खाली. खोकं वर असेल तर ती त्यातच झोपेल आणि सकाळी अंडं विष्ठेत सापडेल. खाली रंध्याच्या सालपटी पसर. करवतीचा बारीक भुसा नको, तो उडून श्वासात जातो. नाकात झोंबणारा वास आला तर तो अमोनियाचा, म्हणजे सालपटी ओल्या झाल्यात. त्या त्याच दिवशी काढ, कारण त्या वासाने डोळे आणि फुप्फुसं दोन्ही बिघडतात.

धुळीत लोळणं ही तिची आंघोळ. पसरट टबात कोरडी माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख, १५ सेंटिमीटर खोल, पाऊस लागणार नाही अशा जागी. पाण्याने आंघोळ घालायची गरज नसते.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त चुका प्रेमापोटी होतात. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. अंडी देणारीला तयार लेयर खाद्य द्यायचं, ज्यात साधारण १६ टक्के प्रथिनं आणि ४ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. खाऊ, मग तो भाजीचा असो, धान्याचा की भाताचा, एकूण खाण्याच्या दहा टक्के, म्हणजे १०-१२ ग्रॅम. एक लहान मूठसुद्धा याहून जास्त भरते. खाऊने पोट भरलं की ती खाद्य सोडते, प्रथिनं कमी पडतात, चरबी वाढते आणि अंड्याचं कवच पातळ होतं.

कॅल्शियमचं गणित समजून घेण्यासारखं आहे. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो. रात्री खाणं नाही, म्हणून झोपण्याआधी पोटात साठा हवा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम ठेव, तिला हवा तेवढा ती घेते. खाद्यात मिसळू नकोस. आणि अंडी सुरू न झालेल्या तलंगीला किंवा पिल्लाला लेयर खाद्य देऊच नकोस. जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. अठराव्या आठवड्यापर्यंत किंवा पहिलं अंडं येईपर्यंत वाढीचं खाद्यच चालू ठेव.

तिला दात नाहीत. दाणे आणि गवत पोटात खड्यांनी दळलं जातं, म्हणून भरड वाळू किंवा बारीक खडे मिळायला हवेत. शिंपल्यांचा चुरा विरघळून जातो, तो खड्यांचं काम करत नाही. अव्होकॅडो, चॉकलेट, कच्चा राजमा, हिरवे पडलेले बटाटे, खारट पदार्थ आणि बुरशी आलेलं काहीही बंद. बुरशीबाबत घरातले ‘कोंबडीला काय होतंय’ म्हणतात. होतं.

पाणी दिवसाला पाव लिटरच्या आसपास, उन्हाळ्यात दुप्पट. भांडं तिच्या पाठीच्या उंचीवर ठेवलं तर त्यात माती आणि विष्ठा पडत नाही. रोज घासायचं, नुसतं विसळायचं नाही. आतल्या बाजूला बोट फिरवून बघ, बुळबुळीत लागलं तर साफ झालेलं नाही.

कोंबडीला घाम येत नाही. पारा तिशीच्या वर गेला की ती चोच उघडी ठेवून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते. सावली, वारा आणि गार पाणी आधीच तयार ठेव. ती लटपटू लागली तर पाय साध्या थंड पाण्यात बुडवून धर. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नकोस.

उचलायचं कसं, हे पहिल्याच दिवशी शिकावं. वरून झडप घातली की तिला शिकारी पक्षी आल्यासारखं वाटतं. बाजूने, खाली बसून ये. एक हात छातीखाली आणि पायांच्या मधे, दुसरा पंखांवर, मग अंगाशी धर. पण आवळू नकोस. आपल्यासारखा श्वासपटल तिला नसतो, छातीचं हाड पुढे-मागे झालं तरच हवा आत-बाहेर होते. घट्ट मिठी मारली तर ती गुदमरू शकते. लहान भावंडांना हे करून दाखव, नुसतं सांगून त्यांच्या लक्षात राहत नाही.

एकटी कोंबडी आजारी पडली तर ते लवकर कळत नाही. कोंबड्या आजार लपवतात, आणि इथे तुलनेला दुसरी नसते. म्हणून तिची रोजची रीत तुला पाठ हवी. सकाळी दार उघडल्यावर ती धावत येते की रेंगाळते? तुरा तिच्या नेहमीच्या रंगाचा आहे की फिकट, जांभळट झालाय? डोळ्यांत फेस, नाकातून पाणी, श्वासाला घरघर? विष्ठेवर पांढरा थर असणं ठीक, आणि अधूनमधून पातळ, तपकिरी, घाण वासाची विष्ठाही ठीक. रक्त दिसलं तर रक्ती हगवणीची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरकडे.

गळ्याच्या खाली, छातीच्या उजव्या बाजूला अन्न साठायची पिशवी असते. रात्री ती भरलेली आणि सकाळी खायच्या आधी रिकामी लागली पाहिजे. सकाळीही कडक गोळा लागला तर लांब गवत किंवा दोरा अडकला असेल. पाणी भरल्यासारखी मऊ असेल आणि तोंडाला आंबूस वास येत असेल तर आत आंबलंय. उलटी धरून ओकायला लावायचे व्हिडिओ बघून तसं करू नकोस, ते पाणी श्वासनलिकेत जाऊन ती जागीच मरू शकते.

आठवड्यातून एकदा वजन कर. तिला खोक्यात बसवून वजनकाट्यावर ठेव, खोक्याचं वजन वजा कर आणि वहीत तारीख घालून लिही. पिसांमुळे रोडावलेली कोंबडीही गुबगुबीत दिसते, काटा मात्र फसत नाही. त्याच वेळी शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा बघ. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालची बाजू आणि फटी बघ: रक्त पिणारे बारीक तांबडे किडे दिवसा तिथे लपतात आणि रात्री अंगावर चढतात. नुसतं कोंबडीवर औषध मारून ते जात नाहीत, खुराडंही रिकामं करून साफ करावं लागतं.

अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तो फक्त पिल्लांसाठी लागतो. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास जातात, त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मधे एखादा दिवस खाडा पडतो. शेपटी खाली पाडून, उभट अंगाने बसते, जोर लावते आणि अंडं येत नाही, असं दिसलं तर पोटापर्यंत येईल इतक्या कोमट पाण्यात वीस मिनिटं बसव, मग पुसून अंधाऱ्या, उबदार, शांत जागी ठेव. काही तासांत सुटका झाली नाही तर डॉक्टर. अंडं दाबून किंवा ओढून काढायचं नाही, आत फुटलं तर जीव जातो.

खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायच्या नादाला लागली, तर रिकाम्या खोक्यावरही दिवसेंदिवस बसेल, खाणं-पिणं जवळजवळ सोडेल आणि वाळेल. अंडी लगेच काढ आणि तिला तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात अन्न-पाण्यासह दोन ते चार दिवस ठेव. पोटाखालून हवा खेळली की खूळ उतरतं. वर्षातून एकदा पिसं गाळते तेव्हा अंडी दोन-तीन महिने बंद, हा आजार नाही. नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असतं आणि हात लागला की दुखतं, तेवढे दिवस तिला उचलू नकोस.

तुझ्यासाठीही नियम आहेत. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू असू शकतो. तिला, अंड्याला, भांड्याला हात लावला की साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. तिचा मुका नाही, तिच्याजवळ बसून खाणं नाही, खुराड्यातल्या चपला घरात नाहीत आणि तिची भांडी स्वयंपाकघरात धुवायची नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांनी तिला हाताळू नये. औषध चालू असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे डॉक्टरला विचार. आसपास पक्षी अचानक मरत असतील तर मेलेल्याला हात न लावता मोठ्यांकरवी पशुवैद्यकीय विभागाला कळव.

गावाला जाताना ‘जरा बघ हं’ एवढ्यावर तिला सोपवू नकोस. कागदावर लिहून दे: खाद्याचं माप, पाणी बदलायची वेळ, डॉक्टरचा नंबर, आणि दोन दिवस आधी तिच्यासमोर सगळं एकदा करून दाखव. सगळ्यात वर, ठळक अक्षरात: अंधार पडला की दार लावायचं, आणि लावण्याआधी ती खरंच आत आहे ना, ते वाकून बघायचं.