हाताला पट्टी होती त्या रविवारी

शनिवारी रात्री कुकरचं झाकण काढताना वाफ आली ती थेट उजव्या हातावर, अंगठा आणि पहिली दोन बोटं चांगलीच भाजली, डॉक्टरांनी मलम लावून पट्टी बांधली आणि चार दिवस पाणी अजिबात लावायचं नाही म्हणून बजावलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला हरिपूरला माझं जलरंगाचं वर्कशॉप. अकरा जण, सगळ्यांची फी भरलेली, दोघं तर तासगावहून येणार. कॅन्सल करावं असं मनात आलं होतं, पण फेब्रुवारीतली सकाळ सोडवेना. एकदा मार्च लागला की दहाच्या आत कागद तापतो आणि वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर, पसरायच्या आधीच वाळून जातो.

मी सांगलीत शाळेत चित्रकला शिकवते, सोळा वर्षं झाली. रविवारची वर्कशॉप सात वर्षांपासून घेते, त्यात मोठी माणसंच जास्त. माझी पद्धत ठरलेली होती. पहिला पाऊण तास मी सगळ्यांसमोर चित्र करून दाखवायचं, लोक भोवती उभे राहून मोबाइलवर शूट करणार, मग आपापल्या जागी बसून तेच करणार. लोकांनाही हे आवडायचं, बारा वाजेपर्यंत प्रत्येकाच्या हातात घरी न्यायला बऱ्यापैकी चित्र असायचं.

त्या रात्री हात ठणकत होता म्हणून झोप येत नव्हती, पडल्या पडल्या ग्रुपवरचे जुने फोटो बघत होते. डिसेंबरमध्ये आम्ही कृष्णेकाठी बसून आयर्विन पूल केला होता, त्या दिवशीची तेरा जणांची तेरा चित्रं. एकेक झूम करून बघताना माझ्या लक्षात आलं की तेराही चित्रांत डाव्या बाजूला एक होडी आहे. आणि त्या दिवशी नदीत होडी नव्हतीच. माझ्या डेमोत डावीकडचं पाणी मोकळं मोकळं वाटत होतं म्हणून ती मी मनानं टाकली होती. म्हणजे १९२९ सालापासून उभा असलेला एवढा मोठा पूल समोर, नदी समोर, आणि तेरापैकी एकानंही नदीकडं बघितलेलं नव्हतं, सगळे माझ्या कागदाकडं बघत होते. मला खूप वाईट वाटलं. सात वर्षं मी नक्की काय शिकवत होते हा प्रश्न पहाटेपर्यंत डोक्यात राहिला.

सकाळी हरिपूरला पोचले. कृष्णा आणि वारणा इथं मिळतात, संगमेश्वराचं देऊळ, खाली घाट, पाण्यावर अजून थोडं धुकं होतं. नेहमी सगळ्यांना घाटावरच बसायचं असतं पण मी आधीच एक जागा बघून ठेवलेली, देवळापासून जरा आत एका बोळात जुनं घर आहे, त्याची भिंत पिवडी लावलेली, आणि सकाळी त्या भिंतीवर समोरच्या चिंचेची सावली पडते. फक्त भिंत, एक बंद दार आणि सावली. सगळ्यांना पट्टी दाखवली आणि म्हटलं, आज मी करून दाखवू शकत नाही. सगळ्यांचे चेहरे उतरले. बँकेत असतात ते एक जण म्हणाले, "मॅडम, मग शिकायचं कसं?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. एवढंच म्हटलं की चांगला कागद काढा आणि फाडा.

फुल इम्पिरियल शीट २२ बाय ३० इंचाचं येतं, त्याचे आठ केले की साडेसात बाय अकराचा तुकडा होतो. तीनशे जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कॉटन कागद महाग आहे, लोक तो कपाटात जपून ठेवतात आणि कार्ट्रिज पेपरवर, म्हणजे साध्या ड्रॉइंगच्या कागदावर, सराव करतात, आणि कार्ट्रिज ओला झाला की फुगतो, पाणी खळग्यात साचतं, मग वाटतं आपल्यालाच जमत नाही. त्यामुळं मी हट्टानं चांगलाच कागद फाडायला लावला. प्रत्येकानं चार तुकडे घ्यायचे, एका तुकड्याला वीस मिनिटं, डोळे बारीक करून बघायचं आणि फक्त तीन टोन लावायचे, उजेडाचा, मधला आणि गडद. दार काढलं नाही तरी चालेल, सावली सुटता कामा नये.

आणि मी त्यांच्या पाठीमागनं फिरायला लागले. मला दुसरं काही कामच नव्हतं. जे मी सात वर्षांत बघितलं नव्हतं ते त्या दीड तासात दिसलं. एसटीतनं रिटायर झालेले एक काका ब्रश पेनासारखा धरायचे, अगदी केसांच्या मुळाशी, त्यामुळं फक्त बोटं हलायची, मनगट नाही, म्हणून त्यांचा वॉश कायम पट्ट्यापट्ट्यांचा. दोन वर्षं मी त्यांना "वॉश सलग घ्या" असं सांगत होते, हात कुठं धरलाय ते कधी बघितलंच नव्हतं. मी डाव्या हातानं त्यांचा ब्रश फक्त मागं सरकवून दिला, बोर्डाखाली दगड ठेवून तो कलता केला, आणि दुसऱ्या तुकड्यावर रंगाचा थेंब कडेला जमून खाली खाली येत गेला, सलग. काका काही बोलले नाहीत, तिसरा तुकडा घेतला.

इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी होती, तिच्या चित्रात दरवेळी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग पडायचे. मला वाटायचं पाणी जास्त घेते. तसं नव्हतं, ती पाणी बरोबर घ्यायची पण थांबायची नाही. वॉश अर्धवट वाळत आला की कागदावरची चमक जाते, आणि नेमकं त्याच वेळी ती ओला ब्रश परत टेकवायची, मग ते नवीन पाणी आधीचा रंग कडेला ढकलतं आणि डाग तयार होतो. तिला खाली वाकून कागद तिरका बघायला लावला. चमक आहे तोवर रंग सोडायचा, चमक गेली की हात मांडीवर, पूर्ण वाळू द्यायचं. तिसऱ्या तुकड्याला ती खरंच हात मांडीवर ठेवून बसली होती, ओठ घट्ट मिटून, आणि कागदाकडं तिरकी बघत होती. ते बघून मला फार बरं वाटलं.

आता अण्णांचं सांगते. अण्णा साठीच्या जवळपासचे, मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत आयुष्य गेलं, पोत्यात हात घालून हळद बघायची हेच काम. नातवाचा रंगांचा डबा घेऊन तीन महिन्यांपूर्वी यायला लागले. वर्कशॉपमध्ये सगळ्यात मागं बसायचे, आणि माझ्या डेमोची नक्कल त्यांना कधीच जमायची नाही, त्यामुळं मला वाटायचं यांना अवघड जाणार. त्या दिवशी त्यांनी भिंतीला यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, लावला, वाळू दिला, आणि सावलीसाठी त्याच पिवळ्यात काळा मिसळला. हे सगळेच करतात, सावली म्हणजे काळं असं डोक्यात बसलेलं असतं. सगळे तो रंग लावूनही टाकतात. अण्णांनी मात्र प्लेटमध्ये ब्रश फिरवला आणि थांबले.

"मॅडम, ह्यात हिरवं उतरलंय की."

बरोबर होतं. पिवळ्यात काळा गेला की शेवाळी हिरवट होतो, काळ्यात निळ्याची झाक असते म्हणून. पण हे ओल्या प्लेटमध्ये, इतक्या थोड्या फरकात पहिल्या झटक्यात ओळखणारं माणूस मी बघितलं नव्हतं. म्हटलं, मग काय करायचं? एरवी मी ब्रश घेऊन लगेच मिसळून दाखवलं असतं, हातच चालत नव्हता.

अण्णा म्हणाले, "असला माल आला तर आमी पोतं परत लावतो." आणि उठून भिंतीजवळ गेले. बराच वेळ उभे होते, एकदा वर बघायचे एकदा खाली. परत आल्यावर म्हणाले की सावली सगळी एक रंगाची नाही, खाली जमिनीजवळ हळकुंड मोडल्यावर आत दिसतं तसं आहे, भगवं, आणि वर जाईल तसं ते थंड होत जातंय. मी स्वतः जाऊन बघितलं. खरंच, खाली उन्हात तापलेल्या तांबड्या मातीचा उजेड भिंतीवर उलटा पडत होता, आणि वरच्या सावलीत आभाळाचा. हे मी वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवते. अण्णांना कुणी शिकवलं नव्हतं. हळद कधी भर उन्हात बघायची नाही, उन्हात सगळीच पिवळी दिसते, सावलीत धरून बघायची, हे त्यांनी मला बसल्या बसल्या सांगितलं, आणि हेही सांगितलं की ते पोरगेले असताना ह्याच हरिपुरात यायचे, तेव्हा इथं जमिनीखाली हळदीची पेवं होती, वर्षानुवर्षं हळद आत राहायची, आणि २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं. बोलता बोलता ते प्लेटमध्ये मिसळत होते. आधी बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी, घातला, तो खालच्या सावलीला बसला. वरच्यासाठी डब्यात जांभळा नव्हता, मी एवढंच म्हटलं की पिवळ्याला शांत करायला जांभळा लागतो, तो तुमच्या डब्यात तांबडा आणि निळ्यात लपलाय. त्यांनी क्रिमझन आणि अल्ट्रामरीन घेतलं, सात-आठ वेळा कडेच्या रद्दी कागदावर लावून बघितलं, प्रत्येक वेळी मान हलवत. शेवटी एकदा नुसतं "हां" म्हणाले.

ते चौथं चित्र माझ्याकडं फोटोत आहे. दार वाकडं आलंय, चिंचेच्या फांद्या बिनहिशोबी आहेत. पण ती सावली भिंतीवर पडलेली आहे. चिकटवलेली वाटत नाही. एवढी खरी पिवळी सावली मला स्वतःला किती वेळा जमली असेल, हे मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

साडेअकराला सगळे चव्वेचाळीस तुकडे घाटाच्या पायरीवर ओळीनं मांडले, वर दगड ठेवून. अकरा जणांच्या अकरा वेगवेगळ्या भिंती होत्या. बऱ्याच फसलेल्या होत्या, हे मान्य, घरी फ्रेम करून लावावी अशी फार तर दोन. बँकवाले जरा नाराज होते, त्यांचे चारही चिखल झाले होते, जाताना म्हणाले पुढच्या वेळी डेमो असेल ना. मी त्यांची चारही बघितली आणि सांगितलं की पहिल्यात तुम्ही सावली जिथं आहे तिथंच ठेवलीय, पुलाच्या चित्रात तुमची सावली उलट्या बाजूला पडली होती. ते थांबून परत बघायला लागले.

मी शिकत असताना आमचे सर आम्हाला सातारा जिल्ह्यातल्या औंधला घेऊन गेले होते, भवानी संग्रहालयात. बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंध संस्थानचे राजे असून स्वतः चित्रकार, त्यांनी १९३८ साली हे उभं केलं. रविवर्म्याची चित्रं मी तोपर्यंत फक्त कॅलेंडरवर बघितलेली, तिथं मूळ कॅनव्हास समोर आल्यावर मी नाक लावायचीच बाकी राहिले होते. सरांनी त्या दिवशी एक शब्द सांगितला नाही, दोन तास नुसतं बघू दिलं, आणि परतीच्या गाडीत विचारलं, काय काय दिसलं? ते मला हरिपूरहून परत येताना रिक्षात आठवलं. इतकी वर्षं कसं विसरले होते कळत नाही.

डेमो मी पूर्ण बंद केलेला नाही. ब्रश कसा भरायचा, पाणी किती, हे दाखवावंच लागतं. पण आता तो शेवटी करते, अकरानंतर, सगळ्यांचे दोन-तीन तुकडे झाल्यावर, आणि तेव्हा लोक वेगळेच प्रश्न विचारतात, म्हणजे "कुठला रंग" असं विचारत नाहीत, "इथं थांबलात का" असं विचारतात.

पुढच्या रविवारी पट्टी निघाली होती. पुलावर जायचं ठरलेलं. अण्णा आले ते खिशातनं कागदाची पुडी काढत, आत सहा हळकुंडं, प्रत्येक मधनं मोडलेलं. म्हणाले, "प्रत्येकाचं पिवळं येगळं हाय, बघा." आम्ही पुलावर गेलोच नाही, तिथंच झाडाखाली फळीवर ती मांडली आणि बसलो.