नंबर काढला, पण पडदा पाहिला का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न थोड्याफार फरकाने नेहमी तोच असतो: 'मधुमेह आहे, पण डोळ्यांचा काही त्रास नाही. गेल्याच महिन्यात नंबर काढला, ६/६ दिसतं. मग डॉक्टर परत डोळे तपासायला का पाठवतात? आणि तिथं अर्धा दिवस करतात तरी काय?'

चष्म्याच्या दुकानात तुम्ही अक्षरं वाचता. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो, तो आज नीट काम करतोय एवढंच त्यातून कळतं. मधुमेह पोखरतो त्या पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या. त्यांच्या भिंती लेच्यापेच्या होतात, त्यांवर नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत असे फुगे येतात, रक्त आणि पाणी झिरपायला लागतं. हे सगळं मॅक्युलापासून लांब चालू असेल तर माणूस खुशाल पेपर वाचत बसतो. दुखतही नाही, कारण पडद्याला वेदनाच कळत नाही. पुढं रक्त कमी पडायला लागलं की पडद्यावर नव्या वाहिन्या फुटतात. त्या कच्च्या असतात, कधीही रक्त सांडतात, आणि एखाद्या सकाळी डोळ्यापुढं काळी कोळिष्टकं तरंगायला लागतात. 'त्रास झाला की जाईन' म्हणणारे बहुधा या टप्प्यावर येतात.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पुढाकाराने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण आपल्या गोव्यात निघालं, २६.४ टक्के. तेव्हा हा प्रश्न घरोघरचा आहे.

टाइप २ असेल तर निदान झालं की लगेच पडद्याची पहिली तपासणी करायची, कारण साखर कळायच्या आधी कित्येक वर्षं ती अंगात मुरलेली असू शकते. टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत. त्यानंतर साधारण दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईला दिवस राहिले तर पहिल्या तीन महिन्यांतच.

जाताना एक चूक हमखास होते: लोक उपाशी जातात. ही रक्ताची तपासणी नव्हे. जेवून, नेहमीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन जा, पिशवीत बिस्किटं ठेवा. बांबोळीच्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) ओपीडीत असा की म्हापसा-मडगावच्या जिल्हा इस्पितळात, वाट बघावी लागतेच, आणि उपाशीपोटी साखर उतरली तर तिथंच घाम फुटेल. लांबचा-जवळचा दोन्ही चष्मे, शेवटचा एचबीए१सीचा (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

आधी अक्षरं वाचून घेतात, डोळ्याचा दाब बघतात. मग येतात ते थेंब, ज्यांच्या भीतीनं अर्धे लोक तपासणी टाळतात. यांनी बाहुली मोठी होते. बंद खोलीत खिडकीच्या फटीतून डोकावणं आणि अख्खं दार उघडून बघणं, एवढा फरक. औषध बहुतेक वेळा ट्रोपिकामाइड, सोबत फिनिलेफ्रिन. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर थेंब घालायच्या आधी सांगा, फिनिलेफ्रिननं बीपी चढू शकतं. दहा-पंधरा सेकंद झोंबतं. डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरला तर औषध घशात उतरत नाही आणि तोंड कडू होत नाही. बाहुली उघडायला वीस ते तीस मिनिटं लागतात, पण काळ्याभोर डोळ्यांना जास्त वेळ लागतो. जुन्या मधुमेहात बाहुलीच्या नसाही मंदावलेल्या असतात, म्हणून थेंब दोन-तीनदा घालावे लागतात. 'झालं का, झालं का' करून नर्सला घाई करू नका, अर्धवट उघडलेल्या बाहुलीतून फोटो कडेनं काळा येतो.

कॅमेऱ्यासमोर हनुवटी टेकायची, कपाळ पट्टीला घट्ट लावायचं, आतल्या दिव्याकडे बघायचं. फ्लॅशच्या आधी एकदा पापणी मिटून घ्या आणि मग मिटू नका. कपाळ अर्धा इंच मागं सरकलं तरी फोटो बिघडतो. प्रत्येक डोळ्याचे सहसा दोन फोटो घेतात, एक मॅक्युलाचा, एक डोळ्याच्या नसेचा. नंतर मिनिटभर रंगीत डाग दिसतो, तो जातो. काही ठिकाणी डॉक्टर डोक्याला दिवा बांधून, हातात भिंग धरून 'वर बघा, खाली बघा' करत स्वतःच पडदा बघतात. उजेड नकोसा होतो, पण त्यानं इजा होत नाही. मॅक्युलाला सूज आल्याची शंका असेल तर ओसीटी (पडद्याच्या थरांचा स्कॅन) काढतात, त्यात पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजून मिळते.

घरी जाताना स्कूटर चालवायची नाही. हे आपल्याकडं कुणालाच पटत नाही. बांबोळीहून म्हापशाकडं निघालात तर मांडवीच्या पुलावर पाण्यावरचं दुपारचं ऊन उघड्या बाहुलीत थेट शिरतं, समोरचा ट्रकसुद्धा नीट दिसत नाही. चार ते सहा तास हे चालतं, काहींना संध्याकाळपर्यंत मोबाइल वाचता येत नाही. कुणाला तरी बरोबर न्या नाहीतर कदंबाच्या बसनं या. काळा चष्मा आणि टोपी लागेलच. त्या दिवशी बँकेच्या कागदांवर सह्या करू नका. क्वचित एखाद्याला त्याच दिवशी डोळा खूप दुखतो, लाल होतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यी वलयं दिसतात, उलटी होते. तसं झालं तर सकाळची वाट बघू नका, लगेच इस्पितळ गाठा, डोळ्यातला दाब चढलेला असू शकतो.

ज्यांची साखर सध्या कधी २५० तर कधी १२० आहे त्यांनी नव्या चष्म्यावर पैसे घालवू नयेत. साखरेच्या चढउतारानं डोळ्यातलं भिंग फुगतं-उतरतं आणि त्याबरोबर नंबरही बदलतो. साखर काही आठवडे स्थिर राहू दे.

रिपोर्टमध्ये 'रेटिनोपॅथी नाही', म्हणजे मधुमेहानं पडद्याला इजा नाही, असं आलं तर पुढच्या वर्षी. सुरुवातीचे डाग असतील तर सहा ते बारा महिन्यांनी परत बोलावतात आणि सगळा जोर साखर, बीपी, कोलेस्टेरॉलवर असतो. पुढच्या टप्प्यात लेसर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन. गेलेली नजर लेसरनं सहसा परत येत नाही, आहे ती राखायला तो करतात, तेव्हा 'लेसर करूनही फरक पडला नाही' ही तक्रार चुकीची आहे.

आणि एक शब्द नीट वाचा: 'अनग्रेडेबल'. मोतीबिंदूमुळं, छोट्या बाहुलीमुळं किंवा पापणी हलल्यामुळं फोटोत काही दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्याला 'नॉर्मल' समजून लोक वर्षभर निर्धास्त राहतात. तो शब्द दिसला तर तिथूनच विचारा, डॉक्टर स्वतः पडदा कधी बघणार, आणि ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.