तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकू का?

"लॅपटॉप ठणठणीत आहे, पण विंडोज ११ घेत नाही म्हणतो. ते तुमचं लिनक्स मिंट टाकू का?" मिंट म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम. हा प्रश्न मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारला. तिथे उत्तर देणं जमण्यासारखं नव्हतं.

लॅपटॉपचा यात काही दोष नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, एसएसडी असं धडधाकट यंत्रही कागदोपत्री बाद. मिंटला किमान दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागा पुरते. अर्थात रॅम खातो तो ब्राउझर, म्हणून चार जीबीच्या खाली मी कुणाला होकार देत नाही.

आता हे मिंट आलं कुठून? लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. १९९३ मध्ये त्यावर डेबियन ही पूर्ण सिस्टिम उभी राहिली, डेबियनवर २००४ मध्ये उबुंटू आणि उबुंटूवर २००६ मध्ये क्लेमेंट लफेव्र यांनी मिंट. एवढी वंशावळ पुरे.

मिंट मला का आवडतं ते कळायला २०११ साल बघावं लागतं. त्या वर्षी लिनक्सच्या जगाला नवेपणाचं वारं लागलं होतं. नोम या लोकप्रिय डेस्कटॉपची (म्हणजे पडद्यावरच्या मेनू, पट्ट्या, खिडक्या यांच्या मांडणीची) तिसरी आवृत्ती आली. तिने खालची पट्टी काढली, मेनू काढला, खिडकी मिनिमाइज करायचं बटणसुद्धा काढलं. उबुंटूने युनिटी नावाचा आपला वेगळाच संसार थाटला. दोघांचीही नजर टचस्क्रीनच्या दिवसांवर होती. घरी बसून एक्सेलसारखी शीट भरणाऱ्या माणसाला मात्र आपली बटणं गेली कुठे, एवढंच दिसत होतं. मिंटवाल्यांनी तेव्हा नवीन नोमचंच कोड घेऊन त्यातून सिनेमन हा डेस्कटॉप घडवला: डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. आजही तसंच आहे. आवृत्त्या बदलतात, प्रत्येकीला बाईचं नाव मिळतं (विल्मा, झिया, झारा), पण मेनू जागचा हलत नाही. विंडोज ७ वर हात बसलेल्या माणसाला इथे पहिल्या दिवशी फारसं काही शिकावं लागत नाही.

हा हट्ट नुसता दिसण्यापुरता नाही. २०२० मध्ये उबुंटूत क्रोमियम ब्राउझर नेहमीच्या पद्धतीने मागितला, तरी मागच्या दाराने 'स्नॅप' ही प्रोग्रॅम बसवायची वेगळी व्यवस्था बसायची, आणि तिचं दुकान एकाच कंपनीच्या ताब्यात. मिंट २० ने ती वाट सरळ बंद केली. हवं असेल तर तुम्ही उघडा, आम्ही न विचारता घुसवणार नाही, असा त्यांचा पवित्रा. मला तो पटतो. मिंट २२ जुलै २०२४ मध्ये आलं आणि त्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मराठीचं विचाराल, तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी आहे, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी कागप ही मांडणी आहे. जोडाक्षरं नीट उमटतात. जुन्या पत्रिका नि अहवाल श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये असतील, तर तो तेवढा फॉन्ट नसेल तिथे चिनीमातीचे तुकडे सांडल्यासारखा मजकूर दिसेल. त्याला मिंट जबाबदार नाही, विंडोजवरही तसंच होतं; त्या फाइली आधी युनिकोडमध्ये करून घ्या.

आता ज्यांना मी नाही म्हणतो ते. दुकानाचे हिशेब टॅलीत असतील, तर नको. डीटीपीचं काम कोरल-ड्रॉमध्ये चालत असेल, तर नको. वाइन नावाचं सॉफ्टवेअर वगैरे वापरून विंडोजचे काही प्रोग्रॅम इथे चालवता येतात, पण जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेला ते प्रयोग कुणी करू नयेत. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल, तर त्याचा ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतो का, ते आधी बघा. एक्सेलमध्ये मोठाले मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या सूचना) असतील, तर इथे एक्सेलच्या जागी येणारं लिब्रेऑफिस त्यातले सगळे ओळखेलच असं नाही. बाकी मेल, बँक, यूट्यूब, पत्रं, फोटो यांसाठी निःशंकपणे घ्या.

आणि लगेच फॉरमॅट मारू नका. मिंट पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा. हार्ड डिस्कला हात न लावता सगळं चालतं. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर जागा होतो का, प्रिंटर छापतो का, हे सगळं तिथेच तपासा. पटलं, तर बॅकअप घेऊन मग इन्स्टॉल करा आणि पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करा: अपडेटने काही बिघडलं, तर सिस्टिम आदल्या स्थितीत परत आणता येते. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र ते मुळात धरत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवा.

फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा आणि तिचा चेकसम (फाइल मूळचीच आहे का ते ओळखायचा आकडा) जुळवून बघा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटचंच संकेतस्थळ फोडून चोरांनी डाउनलोडची लिंक आपल्या भेसळीच्या प्रतीकडे वळवली होती. खऱ्या प्रतीच्या आकड्यांशी जुळवून बघितलं असतं, तर फरक दिसला असता.