कोल्ट्रेनला नागपूरची दाद

नागपुरात सॅक्सोफोन बहुतेकांनी ऐकला आहे तो लग्नाच्या वरातीत, नाहीतर जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्रात. जॉन कोल्ट्रेन या थोर अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ चा. त्याच्या जन्मशताब्दीनिमित्त सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात जॅझची मैफल झाली, तेव्हा श्रोत्यांपुढचा पहिला प्रश्न दाद कधी द्यायची, हाच होता. जॅझच्या शिरस्त्याप्रमाणे एकेकाचे एकल वादन संपले की टाळ्या वाजवतात. आपल्याकडे मात्र जागा आवडली की त्याच क्षणी ‘वा’ निघून जाते. माझ्या शेजारच्या काकांनी पहिल्याच रचनेत मोठ्याने ‘क्या बात है’ म्हटले आणि पुढच्या रांगेतील दोन तरुणांनी वळून पाहिले. मी काकांच्या बाजूने होतो, आणि वादकाच्या चेहऱ्यावरून तोही असावा.

ती रचना म्हणजे ‘माय फेव्हरिट थिंग्ज’. ब्रॉडवेवरील एका संगीतिकेतले हे साधे गाणे कोल्ट्रेनने १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि तेरा मिनिटांहून अधिक वेळ वाजवले. मुखडा छोटा, नंतर मॅकॉय टायनरच्या पियानोवर मोजके स्वरसंघ घोळत राहतात आणि त्यांवर सॉप्रानो सॅक्सोफोनचा विस्तार चालतो. बंदिशीचे दोन चरण घेऊन तासभर गाणाऱ्यांच्या श्रोत्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. ठेका तिनाचा असल्याने सभागृहात अनेकांनी गुडघ्यावर दादरा धरला होता. मूळ ध्वनिमुद्रणात एल्विन जोन्स ड्रमवर लयीला लय अशी गुंतवतो की सम हाताशी येता येता निसटते. इथल्या ड्रमवादकानेही तसेच केले आणि बहुतेकांचे हात मध्येच थांबले.

कोल्ट्रेनला भारतीय संगीताची ओढ होती, ‘इंडिया’ नावाची त्याची रचना आहे आणि एका मुलाचे नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवले, हे निवेदकाने दोनदा सांगितले. ते खरेच आहे. पण त्यावरून त्याचे संगीत म्हणजे आपलाच राग, असे मानून बसले तर ऐकणे अर्धवट राहते. ‘अ लव्ह सुप्रीम’ या त्याच्या चार भागांच्या रचनेच्या पहिल्या भागात बासवर चार स्वरांचा तुकडा सुरू होतो आणि पुढे कोल्ट्रेन तो बाराही पट्ट्यांतून फिरवतो. तानपुऱ्याच्या षड्जाला बांधलेल्या कानाला त्या वेळी पायाखालची जमीन सरकल्यासारखे होते. शेवटच्या भागात त्याने स्वतः लिहिलेली प्रार्थना अक्षरागणिक सॅक्सोफोनमधून म्हटली आहे. ती कविता तबकडीच्या वेष्टनावर छापलेली आहे. शब्द समोर ठेवून ऐकले तर अभंग ऐकणाऱ्याला तो भाग चटकन जवळचा वाटेल.

आपल्या वादकाने हा भाग जवळजवळ जसाच्या तसा वाजवला, आणि मला तो कार्यक्रमातला सर्वात फिका वाटला. गवयाच्या पुण्यतिथीला त्याची ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाणाऱ्या शिष्याला आपण ‘नक्कल छान करतो’ म्हणतो, आणि ते काही कौतुक नसते. ज्या वसंतरावांचे नाव या सभागृहाला आहे, ते नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, पण पुढे कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत मावले नाहीत. ‘इंडिया’ वाजवताना मात्र वादकाने समोरचे कागद बाजूला सारले, सुरुवातीला थोडा चाचपडला, आणि मग असा सुटला की काकांना दाद आवरेना.

बाहेर पडताना त्या दोन तरुणांची तक्रार कानावर आली की, हे मूळ तबकडीसारखे वाजले नाही. ‘अ लव्ह सुप्रीम’ ९ डिसेंबर १९६४ रोजी ध्वनिमुद्रित झाले, तेव्हा ते सुमारे तेहतीस मिनिटांचे होते. पुढच्याच जुलैत फ्रान्समधील आंतीबच्या महोत्सवात स्वतः कोल्ट्रेनने ते वाजवले, तेव्हा ते पाऊण तासावर गेले.