पहाटे साडेपाचचा वास

टेक्ससमधल्या फोर्ट वर्थमध्ये घर घेतलं तेव्हा मागच्या बाजूची उंच भिंत मला गोदामाची वाटली होती. ती गॅसविहिरींच्या पॅडची, म्हणजे विहिरी आणि त्यांची यंत्रं असलेल्या जागेची निघाली. बार्नेट शेल नावाचा वायू असलेला खडक या शहराच्या पोटाखाली पसरलाय आणि शहराच्या हद्दीतच जवळपास 2,000 विहिरी आहेत. घरापासून विहीर सहसा 600 फुटांवर हवी. आमची त्याहून जराशी लांब, म्हणजे नियमात बसणारी.

खोदकाम चालू असताना ट्रक, डिझेलचा धूर, रात्रभराचा आवाज असतो, पण तो काळ संपतो. आमचा त्रास त्यानंतर सुरू झाला. पहाटे घरात पेट्रोल पंपावर येतो तसा वास यायचा. मुलीला दमा आहे. तिचा खोकला त्या वासानेच वाढला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण खिडकी लावताना हात थरथरायचे हे खरं.

आधी महापालिकेला फोन केला. तिथल्या बाईंनी नीट समजावलं: अंतर, आवाज, भिंत हे शहराकडे. विहिरीचा परवाना टेक्सस रेलरोड कमिशनकडे. नाव रेल्वेचं असलं तरी काम तेल आणि वायूचं. हवेची तक्रार राज्याच्या पर्यावरण खात्याकडे. विहिरीच बंद करा म्हणायची सोय शहराला उरलेली नाही. शेजारच्या डेंटनमध्ये लोकांनी 2014 साली मतदान करून फ्रॅकिंगवर, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी सोडून खडक फोडून वायू काढण्यावर बंदी आणली होती, पण 2015 मध्ये राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला.

पहिल्या तक्रारीनंतर पर्यावरण खात्याचे तपासनीस आले तिसऱ्या दिवशी, दुपारी दोन वाजता. वास नव्हता. तक्रार बंद. मला रडू आलं. पण जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली, तीच कामाला आली. वासाची तक्रार चार गोष्टींवर तोलतात: किती वेळा येतो, किती उग्र, किती वेळ टिकतो आणि किती त्रासदायक.

मग खिडकीपाशी वही ठेवली. ‘मंगळवार, 5.20 ते 6.05, वारा दक्षिणेचा, अगदी मंद, डोळे चुरचुरले.’ अशा सहा आठवड्यांच्या नोंदी झाल्या. पॅड आमच्या दक्षिणेला. दिवसा वारा जोरात असला की सगळं उडून जायचं. पहाटे हवा थंड, जड आणि थांबलेली, तेव्हाच वास जमिनीलगत साचायचा. फाटकावरच्या पाटीवरून लीजचं (भाडेपट्ट्याचं) नाव आणि विहिरींचे क्रमांकही उतरवून घेतले. मोघम ‘मागची विहीर’ लिहून भागत नाही.

दुसऱ्या तक्रारीला वहीची प्रत जोडली. या वेळी तेच गृहस्थ पहाटे साडेपाचला आले, इन्फ्रारेड कॅमेरा घेऊन. त्यांनी मला रस्त्यावरूनच त्यात बघू दिलं. नुसत्या डोळ्यांना पॅडवरची, विहिरीतून येणारं द्रव साठवायची टाकी स्वच्छ दिसत होती. कॅमेऱ्यात मात्र तिच्या वरच्या झाकणाच्या कडेने काळसर धूर सतत वर येत होता, भाताच्या पातेल्याच्या झाकणाखालून वाफ यावी तसा. शहराने करून घेतलेल्या 2011 च्या हवा तपासणीतही टाक्यांची अशी झाकणं गळताना सापडली होती.

त्यांनी आतली हवा काढून घेतलेल्या स्टीलच्या डब्यात अर्धा तास नमुना भरला. अहवालात बेंझीन हे घातक रसायन थोड्या वेळासाठीच्या मर्यादेपेक्षा खूपच कमी आलं. ती मर्यादा 180 पीपीबी, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत 180 भाग, आहे. दीर्घकाळासाठीची मात्र 1.4. अर्ध्या तासाच्या नमुन्यावरून वर्षभराचा श्वास कसा मोजणार, हे मी त्यांना विचारलं. एका डब्यावरून नाही मोजता येत, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं.

कंपनीने झाकणाचं गॅस्केट, म्हणजे फट बंद करणारी पट्टी, बदललं. पहाटेचा वास गेला.

पॅडवर वायू दाबून पुढे पाठवणारा कॉम्प्रेसर अजून चालतोच. त्याच्या इंजिनातून निघणारे नायट्रोजन ऑक्साइड उन्हात ओझोन बनवायला हातभार लावतात, आणि डॅलस-फोर्ट वर्थमध्ये उन्हाळ्यात ओझोनचा प्रश्न कायमचाच. तो मला वासावरून कळत नाही, त्यामुळे वहीत काय लिहू? इंजिनाच्या परवान्याची कागदपत्रं मागवली आहेत. अजून आलेली नाहीत.