बोलायला ऐकू तर आलं पाहिजे की

बेळगावात आमच्या वडगावच्या गल्लीतनं चालताना शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं, कारण घराघरात यंत्रमाग चालू असतात. आमचा माग पुढच्या खोलीत, आणि मागं स्वयंपाकघर. मागाजवळ आवाज सहज 90 डेसिबलच्या वर जातो आणि वर्षानुवर्षं तो ऐकला की बारीक, टिपेचे आवाज आधी ऐकू यायचे बंद होतात, हे आप्पांचे कान तपासले तेव्हा डॉक्टरनी सांगितलं. म्हणजे आईचाच आवाज आधी गेला. मला भरून आलं. आई मात्र शांतपणे म्हणाली, "आम्ही कधी बोलत होतो रे?"

खरंच नव्हते बोलत. आप्पा मागावर उभे आणि आई कडेला बसून कांड्या भरायची, म्हणजे छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. मागावर आडवा पळणाऱ्या धोट्यातली कांडी संपत आली की आप्पांचा हात मागं यायचा आणि भरलेली कांडी त्यात पडायची, हाक नाही की वळून बघणं नाही. लाइट गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची, आता तरी बोलतील असं आम्हा पोरांना वाटायचं, पण ते दोघं तसेच बसून राहायचे, आणि आत चुलीवरचं काम पडलेलं असलं तरी आई उठायची नाही. त्या बसण्यात जे होतं ते मला आता लग्न होऊन एवढी वर्षं झाल्यावर कळायला लागलंय.

दुसरी गोष्ट कन्नडची. बेळगाव 1956 ला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, पण आप्पांची शाळा मराठी, त्यामुळे कन्नडमधला सरकारी कागद वाचता येत नाही. आई गोकाकची, घरी मराठी पण शाळा कन्नड. आप्पा कुठल्याही ऑफिसात निघाले की ही पदर सारखा करून सोबत निघते, "मी येते" असंसुद्धा म्हणत नाही. खिडकीवर बोलायचं आप्पांनीच, ती शेजारी उभी राहून फॉर्मवर बोट ठेवते, इथं सही. चारचौघात त्यांना खाली बघायला लागू नये एवढी काळजी घेणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाल्याचं पाणी घरात शिरलं तेव्हा मोटार आणि मागावरचं सूत सगळं भिजलं. रात्रभर आप्पा शेजाऱ्यांच्या जिन्यावर बसून होते. आम्ही सगळे धीर देत होतो, विमा, भरपाई, काय काय बोलत होतो. आई एकटीच काही बोलली नाही, एक चादर दोघांच्या खांद्यावर घेऊन उजाडेपर्यंत त्यांच्याजवळ बसली. सकाळी आप्पा उठून चिखल काढायला लागले.

लोक म्हणतात बिचारीला कधी गोड शब्द मिळाला नाही. मलाही हे कुठंतरी टोचायचं, म्हणून गेल्या दिवाळीत विचारलंच, तुला कधी वाटलं नाही का गे, ह्यांनी काहीतरी बोलावं? तर म्हणाली, "मी माहेरी गोकाकला गेले की दुसऱ्या दिवशी हे हजर. काम काय, तर काही नाही. चहा प्यायचे, थोडा वेळ बसायचे आणि परतीची बस धरायचे. माग बंद ठेवून यायचे रे, दिवसाची मजुरी बुडवून."