आमची वाटचाल: आधी शेजाऱ्याचं शेत पाहतो

चोपड्याला आमचं खत-बियाण्याचं दुकान होतं, ते आजही आहे. संकरित मक्याचं बीजोत्पादन त्यातूनच सुरू झालं. मूळ बियाणं कंपनीचं, जमीन शेतकऱ्याची, आणि मधली सगळी डोकेदुखी ऑर्गनायझरची, म्हणजे आमची.

संकरित बियाण्याच्या प्लॉटात मादी ओळींच्या कणसांवर फक्त नर ओळींचाच पराग पडायला हवा, वाऱ्याने दुसऱ्या मक्याचा आला की भेसळ. सुरुवातीला अनेर-तापीच्या पट्ट्यात त्यापासून आडोसा सहज मिळायचा. शेजारी केळी, नाहीतर कपाशी. आता कपाशी उपटली की रब्बीला जो तो मका पेरतो. कोंबडीखाद्याचं गिऱ्हाईक होतंच, त्यात इथेनॉलवाले आले. शेतकऱ्याचं भलं झालं, आमची मात्र झोप उडाली.

प्रमाणित संकरित बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या मक्यापासून 200 मीटर लांब हवा. त्या मक्याच्या दाण्याचा रंग किंवा पोत वेगळा असेल तर 300 मीटर. ऐकायला सोपं वाटतं. पण एका चौकोनी एकराभोवती चहूकडे 200 मीटर मोजून बघा, जवळपास 44 एकर जमीन येते. ती सगळी दुसऱ्यांची. त्यांनी काय पेरावं हे सांगणारे आम्ही कोण? एका आबांनी तर तोंडावरच ऐकवलं, "भाऊ, वाराले कोठे बांध कयस?" म्हणजे वाऱ्याला कुठे बांध कळतो?

मग आम्ही सुटे एकर घेणं बंद केलं. बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांना एकत्र बसवायचं, सगळ्यांना एकाच वाणाचा प्लॉट द्यायचा. नर एकच, त्यामुळे आपसात अंतराची भानगड नाही. दहा एकर असे एकत्र आले तर भोवती साधारण 71 एकरच सांभाळावे लागतात. तेच दहा एकर विखुरले तर 440. धंद्यात टिकलो ते या हिशेबावर. कडेच्या शेतकऱ्याने मका पेरू नये म्हणून त्याला हरभऱ्याचं बियाणं आम्ही पदरचं देतो. प्लॉट बाद होण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

पेरणीत महिनाभराचं अंतर ठेवून तुरे, म्हणजे पराग सोडणारा फुलोरा, मागेपुढे आणण्याची वाटही आहे. कागदावर ती छान दिसते. पण इकडे थंडी पडली की उशिराचा मका रेंगाळतो, आणि शेजाऱ्याला पेरायचा दिवस कोण बांधून देणार? जागा असेल तिथे आम्ही अंतरच धरतो. कडेला नराच्या जास्तीच्या ओळीही लावतो, म्हणजे वाऱ्यावर आपलाच पराग दाट राहतो.

बाहेरचा वारा आवरला तरी घरचा भेदी उरतोच, तो म्हणजे मादी ओळीचा तुरा. चार ओळी मादीच्या, एक नराची. मादीचा तुरा पोंग्यातून डोकावला की पराग सांडायच्या आत उपटायचा. डाव्या हाताने शेंड्याखाली ताट धरायचं, उजव्या हाताने तुरा सरळ वर ओढायचा. तुऱ्याबरोबर पानं आली तर कणीस बारीक राहतं, आणि तुऱ्याचा बुंधा तुटून आत राहिला तर तोही पराग सोडतो. एखादं बुटकं मागास ताट दाट पानांत लपलेलं असतं, फुटव्यांनाही तुरे येतात. सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या आमच्या पावरा बाया चालता चालता ते हेरतात. शिकून आलेल्या पोरांना तेच दोनदा दाखवावं लागतं. उपटलेले तुरे ओळीत टाकायचे नाहीत, गुरांना नेऊन घालायचे. तुटलेला तुराही काही वेळ सांडतो. कणसांना पराग झेलणारे केस येऊ लागले की हे काम रोजचं, सण असो की लग्न. तपासणीला पाच टक्के किंवा जास्त मादी ताटांना केस आलेले असताना शंभरातल्या एकाहून जास्त मादी तुरे सांडताना दिसले, की प्लॉट बाद.

मधुमक्याच्या, म्हणजे स्वीट कॉर्नच्या, प्लॉटात भेसळ लगेच कळते. वाळल्यावर सुरकुतलेल्या दाण्यांत बाहेरच्या परागाचा दाणा टपोरा, गुळगुळीत उठून दिसतो. साध्या पिवळ्या मक्यात पिवळ्याचाच पराग पडला तर काहीच दिसत नाही. कणीस झकास, वजन झकास. बियाणं पेरून तपासलं, की पुढच्या हंगामात बोंब होते, आणि तोवर शेतकऱ्याचं पेमेंट अडकलेलं असतं. म्हणून नराच्या ओळी आम्ही आधी कापून शेताबाहेर काढतो आणि मगच मादीला हात लावतो. नराचं एक कणीस चुकून ढिगात गेलं तरी पुढे ते निवडता येत नाही.

रब्बीची नोंदणी आता पोळ्यापासूनच घेतो. प्लॉट हवा असेल तर सातबारा आणाच, पण चारही बांधांच्या शेजाऱ्यांनाही सोबत घेऊन या. चहा आमच्याकडे.